अंगणातला कोबा

खंडेराव विधात्यांनी सव्वीस वर्षं सिमेंटचे ठोकळे फोडले. नाशिकला दिंडोरी रोडवरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत त्यांची नोकरी होती. जिल्ह्यात कुठं धरणाची भिंत चढत असो की पुलाचा खांब उभा राहत असो, तिथल्या काँक्रीटचे वीतभर ठोकळे त्यांच्या टेबलावर यायचे. प्रत्येकावर तारीख घातलेली. खंडेराव ठोकळा यंत्राच्या जबड्यात ठेवायचे, सावकाश दाब वाढवत न्यायचे, आणि तो कडकन फुटला की काट्यावरचा आकडा लिहून घ्यायचे. ठेकेदार गोड बोलायचे, इंजिनियर घाई करायचे, खंडेराव आकडा तेवढा सांगायचे. त्यापलीकडे कशावर मत द्यायची त्यांना सवयच नव्हती.

२००३ साली ते निवृत्त झाले. म्हसरूळला, चामरलेण्याच्या डोंगराकडे तोंड करून त्यांचं तीन खोल्यांचं बैठं घर होतं. दारापासून फाटकापर्यंत तेहेतीस फुटांचं अंगण. दोन्ही बाजूंना पाच फुटी भिंत. जन्मभर काँक्रीट तपासलेल्या माणसाच्या अंगणात नुसती माती, यावरून शेजारीपाजारी त्यांची थट्टा करत. त्या मातीला कारण एकच होतं. खारीक.

खारीक म्हणजे त्यांची कुत्री. रंग वाळलेल्या खारकेसारखा, कान एक उभा, एक पडलेला. नाव मालनबाईंनी ठेवलं होतं. मालनबाई म्हणजे खंडेरावांची बायको, माहेर मखमलाबादचं, फुलशेतीवाल्या घरातलं. उन्हं तापली की खारीक अंगणात खड्डा उकरायची आणि गार मातीत पोट टेकून पडायची. आज इथं, उद्या तिथं. खंडेरावांनी दोनतीनदा कोबा घालायचा विषय काढला, तेव्हा मालनबाई म्हणाल्या होत्या, "अंगण तिचंय. तुम्हाला घालायचाच तर गच्चीवर घाला."

सकाळी आठला फाटक उघडून द्यायचं, की खारीक तिच्या फेरीला जायची. गणपतीच्या देवळापर्यंत, तिथून पिठाच्या गिरणीवरून परत. नऊच्या सुमाराला फाटकाशी येऊन एकदाच भुंकायची. दुसऱ्यांदा भुंकायची वेळ खंडेरावांनी तिच्यावर कधी येऊ दिली नाही. मुलगी प्रतिभा लग्न होऊन पिंपळगाव बसवंतला गेली, त्यानंतर घरात दोन माणसं आणि खारीक एवढंच राहिलं. संध्याकाळी खंडेराव पेपर मोठ्यानं वाचायचे. मालनबाई भाजी निवडत ऐकायच्या आणि खारीक दोघांच्या मधोमध पडून असायची.

नव्याण्णव साली दिंडोरी रोडवर द्राक्षांच्या टेम्पोखाली तिचा मागचा डावा पाय आला. बाहेरचं बोट काढावं लागलं. तेव्हापासून ती लंगडायची. शेवटच्या वर्षात मागचे पाय उचलायचेच बंद झाले. चालली की मातीत नखांच्या रेघा उठायच्या. फेब्रुवारी २००५ मध्ये दोन दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नाही. मालनबाईंच्या ओंजळीतून तेवढं पाणी प्यायली. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात, कोवळ्या उन्हात तिला आणून ठेवलं, तिथंच गेली. तेरा वर्षांची होत आली होती. मालनबाईंच्या भावाच्या मळ्यात, शेवंतीच्या वाफ्यांशेजारी बांधावर तिला पुरलं.

त्यानंतर घराचं सगळं बिघडलं. मालनबाई चार भाकऱ्यांचं पीठ मळायच्या आणि तीन थापून झाल्यावर थांबायच्या. नऊ वाजले की खंडेरावांची नजर फाटकाकडे जायची. अंगणात तिचे पाच खड्डे तसेच होते. शेवटचा दाराशी, पारिजातकाच्या आळ्याजवळ. त्यात तिचे केस अजून मातीला चिकटलेले दिसत.

फेब्रुवारी संपता संपता एकदा खंडेराव म्हणाले, "मी कोबा घालून घेतो."

मालनबाईंनी वर पाहिलं. "तिला जाऊन महिना नाही झाला अजून."

"म्हणूनच. मला ते खड्डे बघवत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालनबाईंनी दाराशी असलेल्या खड्ड्यातली ओंजळभर माती एका डब्यात काढून ठेवली, आणि मग म्हणाल्या, "घाला आता."

एक मार्चला काम सुरू झालं. जोडीला नाथा गवंडी होता. साठी ओलांडलेला, मूळचा पेठकडचा. खंडेरावांचं घर त्यानंच बांधलं होतं. खंडेरावांनी अंगणाचे तीन तीन फुटांचे अकरा पट्टे पाडले. रोज सकाळी सातला एक पट्टा ओतायचा, आठपर्यंत रंधा मारून, वर नीरू म्हणजे सिमेंटचा पातळ थर फिरवून गुळगुळीत करायचा, दुपारी गोणपाट टाकून पाणी मारायचं. दारापासून सुरुवात, फाटकाशी शेवट. घाई करायचं काही कारण नव्हतं.

पहिला पट्टा झाला. नाथा हात धुऊन गेला. खंडेराव अंघोळ करून, चहा घेऊन साडेनऊला बाहेर आले, तर ओल्या कोब्यावर कुत्र्याची पावलं होती. पट्ट्याच्या घराकडच्या कडेपासून फाटकाकडच्या कडेपर्यंत. मागच्या पायांच्या नखांच्या लांब रेघा ओढलेल्या.

खंडेराव चिडले. थापी आणायला वळले, तर मालनबाई दारात उभ्या होत्या.

"पुसू नका," त्या म्हणाल्या.

"कुणाचं तरी कुत्रं शिरलंय."

"शिरलं असेल. पण पुसू नका."

खंडेरावांनी फाटक पाहिलं. कडी लावलेली होती. पिल्लू असताना खारीक गजांतून निसटू नये म्हणून फाटकाला खालपर्यंत जाळी मारलेली होती, ती शाबूत होती. पाच फुटी भिंतीवरून उडी मारणारं कुत्रं नखं ओढत चालत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. ते त्यांनी मालनबाईंना सांगितलं नाही.

दुसऱ्या पट्ट्यावरही पावलं उमटली. रेघा नव्हत्या. पण मागच्या डाव्या पायाचा ठसा तीन बोटांचा होता, आणि बाकीच्यांपेक्षा उथळ. त्या पायावर भार टाकला जात नव्हता.

तिसऱ्या दिवशी खंडेरावांनी ट्रेसिंगचा कागद काढला. मागच्या अंगाला पाण्याची टाकी होती. २००१ साली तिच्या झाकणाला ताजं प्लास्टर केलं होतं, तेव्हा खारीक त्यावर चढली होती. तिचा एक ठसा तिथं कायमचा राहिला होता. खंडेरावांनी तो कागदावर उतरवून घेतला. अंगणात येऊन तिसऱ्या पट्ट्यावरच्या ठशावर तो कागद ठेवला. उकिडवे बसून कितीतरी वेळ ते कागद सरकवून सरकवून पाहत होते. सरकवायची गरज नव्हती. रेघेला रेघ लागत होती.

त्या दुपारी ते स्कूटर काढून मखमलाबादला गेले. बांधावरची माती जशीच्या तशी होती. मेव्हण्यानं वर झेंडूची रोपं लावली होती, त्यांनी मूळ धरलं होतं. खंडेराव तिथं थोडा वेळ उभे राहिले. घरी आल्यावर मालनबाईंनी विचारलं, "आहे ना तिथंच?"

"आहे."

"मला वाटलंच तुम्ही तिकडं गेला असाल."

पाचव्या दिवशी नाथा अजून गेला नव्हता. दोघं दाराशेजारच्या ओसरीवर चहा पीत होते. कप खाली ठेवून खंडेरावांनी पाहिलं, तर पट्ट्यावर पावलं होती. नाथानंही पाहिलं.

खंडेराव उठून जवळ गेले. मागच्या डाव्या पायाला चार बोटं होती.

त्यांनी दोनदा मोजली. चारी पायांचे ठसे सारखे खोल होते. दोन पावलांतलं अंतर कालच्यापेक्षा चार बोटं वाढलं होतं. कुठलंही लंगडणं नाही, एका लयीत चाललेलं धडधाकट कुत्रं.

"साहेब," नाथा मागून म्हणाला, "तिचं बोट तर तुटलं व्हतं ना?"

"नव्याण्णव साली."

"मंग ही तर त्याच्या आधीची हाय."

खंडेरावांना हे कळलेलं होतं. पण दुसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकल्यावर त्यांनी ती बोटं तिसऱ्यांदा मोजली. दारातून मालनबाईंचा आवाज आला. आवाजात आश्चर्य नव्हतं.

"ती मागं मागं चाललीय. मला तिसऱ्या दिवशीच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मोजत होता ना. म्हटलं, मोजू द्या."

त्या दिवसापासून घरात एक निराळाच उत्साह आला. खरं सांगायचं तर खंडेरावांना भीती अशी वाटली नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एखादा ठोकळा फुटायला हवा तेव्हा फुटत नसे, आणि सगळी प्रयोगशाळा काट्याकडे बघत श्वास रोखून उभी राहायची. तसं काहीतरी त्यांना होत होतं. ते पहाटेच उठायचे. वाळू स्वतः चाळायचे. महिनाभर ज्या बाईनं धड जेवण केलं नव्हतं, ती सकाळी वेणीत भावाच्या मळ्यातलं फूल घालून ओसरीवर बसायला लागली. रात्री जेवताना दोघं खारकेच्या आठवणी काढायची. कुठलं साल कुठं बसतं, याचा ताळा लावायची. अकरा पट्टे आणि तेरा वर्षं; ते गणित काही नीट बसत नव्हतं. कुठल्या पट्ट्यात दोन वर्षं जात होती, कुठल्यात सहा महिने.

सातव्या दिवशी खंडेरावांनी ठरवलं की डोळ्यांसमोर काय होतं ते बघायचंच. पट्टा झाल्यावर त्यांनी खुर्ची मांडली आणि नजर कोब्यावर लावून बसले. ऊन पडलं होतं. नीरूचा ओला चकाकता थर, वर काहीही नाही. नऊ वाजले. आत कुकरची शिट्टी झाली, त्यांनी मान वळवली नाही. रस्त्यानं कांद्याचा ट्रॅक्टर गेला, तरी नाही. नऊ वाजून दहा मिनिटांनी डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांची पापणी लवली.

तेवढ्यात दोन ठसे आले होते.

खंडेराव हलले नाहीत. मग त्यांनी मुद्दाम डोळे मिटले, मनात पाच अंक मोजले आणि उघडले. आणखी दोन. पुन्हा मिटले. उघडले. पट्ट्याच्या कडेला शेवटचा ठसा होता, त्याच्या काठावर सिमेंटचं पाणी अजून ओघळत होतं.

डोळे मिटलेले असताना त्यांनी कान देऊन ऐकलं होतं. आवाज काहीच आला नव्हता. तेवढंच त्यांना आवडलं नाही.

आठवा पट्टा पाहून मालनबाई रडल्या. खारकेची पावलं खोल, जड होती, मागचे पाय फाकलेले. आणि त्यांच्याभोवती, आडवी तिडवी, एकमेकांवर चढलेली, चिंचोक्याएवढी इवली पावलं. शहाण्णव साली तिला सहा पिल्लं झाली होती. पाच लोकांनी नेली. एक तिसऱ्याच दिवशी गेलं होतं. मालनबाई गुडघे टेकून बसल्या आणि एकेक रांग बोटानं दाखवत मोजायला लागल्या.

"सहा आहेत," त्या म्हणाल्या. "अहो, ते पण आहे. ते चाललंय बघा."

खंडेरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत अंगणात, उघड्यावर, त्यांनी तसं कधी केलं नव्हतं.

नाथा दूर, फाटकाशी उभा होता. त्यानं घमेलं पालथं घातलं, थापी धुऊन पिशवीत ठेवली.

"साहेब, मी उद्यापासून येत नाय."

"तीनच पट्टे राहिलेत नाथा."

"तुम्हाला येतंय की घालता. माझ्यावाचून काय अडत नाय तुमचं." तो जाताना थांबला. "एक आयका माझं. फाटकापाशी माती राहू द्या थोडी. तिथवर नका जाऊ."

"का?"

नाथानं मान हलवली. "मला काय म्हाईत? मला बरं वाटंना, येवढंच."

नववा आणि दहावा पट्टा खंडेरावांनी एकट्यानं घातला. मालनबाईंनी पाणी ओतून दिलं. नवव्यावर वयात आलेल्या कुत्रीची उड्या मारत गेलेली पावलं होती. दहाव्यावरची लहान, अडखळती, पाय मोठे आणि अंग लहान असतं त्या वयातली. सगळ्यांचं तोंड फाटकाकडे.

दहाव्याच्या संध्याकाळी जेवताना खंडेराव म्हणाले, "ती आली तो दिवस आठवतो तुला?"

कसा नाही आठवणार? ब्याण्णवच्या एप्रिलमधली सकाळ होती. प्रतिभा शाळेला निघाली आणि फाटकाच्या आत, मातीत, हाताच्या पंजात मावेल एवढं पिल्लू बसलेलं तिनं पाहिलं. फाटकाला कडी होती. भिंती होत्याच. डोळे नुकते उघडलेलं पिल्लू. ते चालत आलं असणं शक्यच नव्हतं. "कुणीतरी आणून सोडलं असेल," असं तिघंही म्हणाली होती. मग दूध, कापसाची वात, नाव काय ठेवायचं, या गडबडीत तो प्रश्न जो मागं पडला तो पडलाच. तेरा वर्षांत पुन्हा कुणी काढला नव्हता.

"नाथा म्हणतो, शेवटचा पट्टा घालू नका," खंडेराव म्हणाले.

"नाथाचं काय गेलं?" मालनबाईंचा आवाज चढला. "मला तिला तेवढी बघायचीय. पंजात मावायची तेवढी. एकदाच बघायचीय, मग तुम्ही म्हणाल ते."

ज्या बाईला कोबा नको होता ती आता कोब्यासाठी अडून बसली होती. खंडेरावांनाही तो घालायचाच होता. फक्त त्यांना पिल्लू बघायचं नव्हतं. ते कुठून आलं, हे बघायचं होतं.

अकरा मार्चला सकाळी सातला त्यांनी शेवटचा पट्टा ओतला. नीरू फिरवला. दोघं ओसरीवर बसली आणि ठरवून, एकदमच, पाठ फिरवली. मालनबाईंनी हळू आवाजात वीसपर्यंत मोजलं.

पट्ट्याच्या मधोमध पिल्लाची पावलं होती. पाचसहाच. जागच्या जागी, गोल फिरल्यासारखी. मालनबाई धावतच गेल्या. कडेला बसून, हात न लावता, त्या पावलांच्या वर तळवा धरून राहिल्या, ऊब लागते का पाहावं तसा.

खंडेराव उभेच होते. पिल्लाच्या पावलांच्या दोन बाजूंना माणसाची दोन पावलं होती. अनवाणी. उजवं आणि डावं, शेजारी शेजारी, सरळ. पट्ट्यात येणारं एकही पाऊल नव्हतं, जाणारं नव्हतं. फाटकाची कडी लागलेली होती. पावलांचं तोंड घराकडे होतं.

"त्यानंच आणून दिली असेल," मालनबाई वर न बघता म्हणाल्या. "कोण का असेना. भलं होवो त्याचं."

खंडेरावांनी टेप लावली. पावणेबारा इंच. बोटं लांब, सगळी जवळजवळ एकाच लांबीची. टाचा खोल रुतलेल्या. खूप वेळ एका जागी उभं राहिलेल्या माणसाच्या असतात तशा. त्यांनी आकडा लिहिला आणि पहिल्यांदाच त्यांना वाटलं, हा लिहायला नको होता.

सहा दिवस काही झालं नाही. मालनबाई सकाळ संध्याकाळ कोब्याला पाणी मारत. त्यांचा चेहरा निवळला होता. भाकऱ्या त्या आता तीनच थापायच्या.

अठरा तारखेला सकाळी खंडेरावांनी दहाव्या पट्ट्यावरचं गोणपाट उचललं. आठ दिवसांचा, दगड झालेला कोबा. त्यावर खारकेची ती अडखळती पावलं होती. त्यांच्या मधोमध, त्यांना तुडवून, दोन अनवाणी पावलं उमटली होती. घराकडे तोंड करून.

खंडेरावांनी छिन्नी आणि हातोडा आणला. ठशाच्या तळाशी छिन्नी धरून घाव घातला. ठिणगी उडाली. छिन्नीचं टोक दुमडलं. आठ दिवसांचं काँक्रीट किती दाब घेतं, हे त्यांच्याइतकं जिल्ह्यात कुणाला ठाऊक नव्हतं. माणसाच्या वजनानं त्यावर ओरखडाही उठत नाही.

एकोणीस तारखेला नववा पट्टा. वीसला आठवा. तिथं पिल्लांची पावलं होती. तुडवली गेल्यानं ती आता सहा पिल्लांची वाटत नव्हती. मोजता येण्यासारखी राहिली नव्हती.

खंडेराव गोणपाटं पुन्हा झाकून टाकत. मालनबाईंना ते काही बोलले नाहीत. तेवीस तारखेला संध्याकाळी सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "प्रतिभाकडे जाऊ या का चार दिवस? पिंपळगावला हवाही बरी आहे."

मालनबाई लसूण सोलत होत्या. "कोब्याला पाणी कोण मारणार?"

"सांगू कुणाला तरी."

"आणि पाहुणा वाटेत असताना घर बंद ठेवायचं?"

खंडेरावांनी मान वर केली.

"मी पण रोज गोणपाट उचलते," मालनबाई म्हणाल्या. "तुमच्या आधी. त्यानं एकदा दिली, पुन्हा आणून देईल. म्हणून येतोय तो."

त्यांच्या डोळ्यांत असा काही विश्वास होता, की खंडेरावांना ते वाक्य बोलवेना. पण बोलणं भाग होतं.

"मालन. त्याच्या पावलांबरोबर पिल्लाची पावलं नाहीत. मी रोज बघतो. तो एकटाच येतोय."

मालनबाईंनी लसूण खाली ठेवला. मग त्यांनी उठून दाराला आतून कडी घातली. उजेड अजून होता.

धुळवडीच्या दिवशी दुसरा पट्टा. बाहेर पोरं रंग उडवत होती. फाटकावरून एक फुगा आत आला आणि कोब्यावर फुटला. गुलाबी पाणी वाहत जाऊन त्या दोन खड्ड्यांत साचलं.

त्या दिवशी स्कूटरवर बसून दोघं निघालीही होती. दिंडोरी रोडवरच्या मेरीच्या चौकापर्यंत गेली. तिथं मालनबाई म्हणाल्या, "आपण नसताना आला तर आपल्याला कळणार पण नाही, तो आलाय का ते." खंडेरावांनी स्कूटर वळवली. त्यांच्याही मनात तेच होतं.

सत्तावीस तारखेला, रविवारी, त्यांनी दार उघडलं.

पहिल्या पट्ट्यावर नखांच्या रेघांवरून दोन पावलं होती. बोटं उंबऱ्याला टेकलेली.

दोघं उंबऱ्याच्या आतच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खंडेरावांनी सगळी गोणपाटं काढून पाहिली. अंगणात नवं काही नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नव्हतं. त्यानंतर कधीच नव्हतं.

घरात मोझॅकच्या फरश्या आहेत. त्यांच्यावर ठसा उमटत नाही.